आजारी भावासाठी पोलीस मीच बोलावले आणि त्यांनी त्याला मारलं. अशा वेळी बोलवायचं तरी कुणाला?

बोरीबाभळी

नमस्कार. इथं नुसती वाचायला येते, धागा पहिल्यांदाच काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या. तालुक्याचं नाव लिहीत नाही, मराठवाड्यातलं आहे एवढं पुरे. मी आशा म्हणून काम करते, पंधरा वर्षं झाली, म्हणजे दवाखाना, गाडी, रेफर हे सगळं मला नवीन नाही, आणि तरी हे माझ्याच घरात झालं म्हणून जास्त लागलंय.

माझा धाकटा भाऊ बत्तीस वर्षांचा आहे. बारा वर्षांपासून स्किझोफ्रेनिया. गोळ्या चालू असल्या की म्हशीची धार काढतो, पाणी धरतो, कुणाच्या अध्यात ना मध्यात. यंदा फवारणीच्या गडबडीत ओपीडीची तारीख चुकली, गोळ्या संपल्या, मग आज जाऊ उद्या जाऊ करत पंधरा दिवस गेले आणि त्याची झोप उडाली. खांदमळणीच्या रात्री, म्हणजे पोळ्याच्या आदल्या दिवशी, घरात विष कालवलंय म्हणून त्यानं वरणाचं पातेलं अंगणात पालथं केलं आणि गोठ्यातला खुंटा हातात घेऊन दारात उभा राहिला. आईला आत जाऊ देईना. मारलं कुणालाच नाही, हे मी परत परत लिहितेय कारण ठाण्यात ते कुणी ऐकून घेतलं नाही.

रात्रीचा एक वाजला होता. आधी अँब्युलन्सला फोन केला. पेशंट हिंसक आहे का विचारलं, मी खरं ते सांगितलं, तर म्हणाले आधी पोलिसांना कळवा. मग पोलिसांना फोन मीच केला. मीच.

दोघं आले. "टाक ते खाली" दोनदा म्हणाले. तो त्यांच्याकडं बघतच नव्हता, कोपऱ्यात कुणाशी तरी बोलत होता. अर्धं मिनिट सुद्धा थांबले नाहीत. मांड्यांवर, पोटऱ्यांवर लाठी. खुंटा पहिल्याच फटक्याला पडला तरी थांबले नाहीत. मग पालथा पाडला, एकानं पाठीवर गुडघा दिला, आणि पोळ्यासाठी बैलाला आणलेला नवा कासरा दावणीला लटकत होता त्यानंच हात मागं बांधले. आई त्यांच्या पाया पडत होती. सकाळी आठपर्यंत लॉकअपमधे होता, मी बाहेर बाकड्यावर. मग ग्रामीण रुग्णालय, तिथून जिल्ह्याला.

आता तो शांत आहे, गोळ्या चालू आहेत. पण मागच्या आठवड्यात ओपीडीला जायला एसटीत बसलो, कंडक्टर तिकीट द्यायला आला, आणि त्याची खाकी बघून हा दोन सीटच्या मधे खाली बसला, डोक्यावर दोन्ही हात घेऊन. कंडक्टर भला माणूस, मागं सरला, मला म्हणाला ताई राहू द्या तिकिटाचं नंतर बघू. पण भाऊ उठेचना. पुढच्या फाट्यावर उतरलो. तारीख परत चुकली. म्हणजे ज्या कारणानं आजार उसळला तेच परत.

मला दोन गोष्टी विचारायच्यात. पोलिसांना असं मारायचा अधिकार आहे का, आणि नसेल तर रात्री एक वाजता मी बोलवायचं कुणाला.

ज्वारीची भाकर

ताई वाचून पोटात खड्डा पडला. तुम्ही फोन केला म्हणून स्वतःला दोष देऊ नका हो, आईच्या जिवासाठीच केलात ना. आमच्या गल्लीत असंच झालतं एकाचं, लोकांनीच आधी मारलं अन् मग पोलिसांच्या हवाली केलं. वेडा म्हणलं की ज्याला त्याला हात उचलायला परवानगी मिळाल्यागत होतं. गोळ्यांचं सध्या काय केलंत? त्या संपू देऊ नका.

मोंढा नाका

धागाकर्तीच्या दुःखाबद्दल सहानुभूती आहे, पण दुसरी बाजू लिहायलो, राग मानू नये. हातात खुंटा असलेला माणूस समोर आहे, अंधार आहे, दोघंच कर्मचारी आहेत, त्यांना काय कळणार हा स्किझोफ्रेनिया का दारू का भांडण? आमच्या पाहुण्यात एका पोलिसाच्या डोक्यात अशाच माणसानं दगड घातला, सहा महिने घरी होता. त्यानं आईला काही केलं असतं तर आपणच म्हणलो असतो पोलीस काय करत होते. उद्या खुंट्याच्या जागी कोयता असला तर? पोलिसांनी काय हात जोडून उभं राहायचं का?

काळा कोट

मी वकिली करतो, जिल्हा न्यायालयात. पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे, नाही. अंगावर धावून आलेल्याला आवरण्यापुरतं बळ वापरता येतं. खुंटा पडल्यानंतरचा प्रत्येक फटका त्यात बसत नाही.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा आहे, लागू झाला २९ मे २०१८ ला. त्यातलं कलम १०० फक्त पोलिसांसाठी आहे. मानसिक आजारामुळं एखाद्याचा स्वतःला किंवा दुसऱ्याला धोका आहे असं ठाण्याच्या प्रमुखाला वाटलं तर त्या माणसाला 'संरक्षणात' घ्यायचं. अटक नाही, संरक्षण, कायद्यात शब्दच तसा आहे. का घेतलं ते त्याला सांगायचं, त्याला समजत नसेल तर त्याच्या माणसाला सांगायचं. जवळच्या सरकारी दवाखान्यात शक्य तितक्या लवकर न्यायचं, चोवीस तासांच्या आत. आणि कोणत्याही परिस्थितीत पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवायचं नाही.

ताई, हे शेवटचं नीट लक्षात ठेवा, कारण ते तुम्हाला सांगतील की आम्ही सकाळी नेलं ना, चोवीस तासांच्या आतच नेलं. ते खरं आहे, पण कोठडीची मनाई वेगळी आहे, तिला तास नाहीत. सात तास ठेवलं काय नि सात मिनिटं ठेवलं काय, चूकच. हा कायदा मोडला तर पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, कलम १०८.

अँब्युलन्सचं पण लिहितो. शरीराच्या आजाराला जशी आणि ज्या दर्जाची अँब्युलन्स मिळते तशीच मानसिक आजाराच्या माणसाला मिळाली पाहिजे, हे कलम २१ मधे स्पष्ट आहे.

आता मला सांगा, ग्रामीण रुग्णालयाचा केस पेपर तुमच्याकडं आहे का? त्यावर डॉक्टरांनी अंगावरच्या वळांबद्दल काही लिहिलंय का? तो कागद शोधा. बाकी सगळं त्यानंतर.

नाईटड्युटी

मी मानसोपचार वॉर्डात सिस्टर आहे, मराठवाड्यातच. मोंढा नाका, तुमचा प्रश्न वाईट नाही, आमच्या वॉर्डात रोजच उभा राहणारा प्रश्न आहे तो. आमच्याकडं पण पेशंट स्टूल उचलतात, चावतात, माझा उजवा अंगठा एकदा फ्रॅक्चर झालाय. पण आमच्याकडं लाठी नाही, आणि तरी रोज निभतं.

कसं निभतं ते सांगते. एकच जण बोलतो, बाकीचे गप्प. पेशंटच्या कानात आधीच दोन-तीन जण बोलत असतात, त्यात आपण चौघं ओरडलो तर त्याला काय ऐकू जाणार. त्याला कोपऱ्यात घ्यायचं नाही, दाराकडची वाट मोकळी ठेवायची. नाव घेऊन बोलायचं. वेळ द्यायचा, कधी कधी वीस मिनिटं, कधी तास. नाहीच ऐकलं तर पाच जण, एकेक हात एकेक पाय एकेकाकडं आणि एक डोक्याकडं, उताणंच ठेवायचं, इंजेक्शन द्यायचं, आणि झोप लागली की कुशीवर वळवून श्वास, नाडी बघत बसायचं.

पालथं का नाही, हे प्रत्येक ठाण्यात भिंतीवर लिहून लावलं पाहिजे असं मला फार वाटतं. धडपड करून माणूस आधीच दमलेला असतो, त्याला श्वास जास्त लागतो, आणि नेमकं तेव्हाच पोट जमिनीला, हात मागं आणि पाठीवर दुसऱ्याचं वजन आलं की छाती हालायला जागा राहत नाही. तो सुटायला अजून धडपडतो, वरच्याला वाटतं अजून माजलाय, अजून दाबतो. आणि मग एकदम शांत होतो. ते शांत होणं बघून लोक हुश्श करतात आणि खरं तर त्याच क्षणी घाबरायला पाहिजे. ताई, तुमच्या भावाच्या पाठीवर गुडघा होता हे वाचलं तेव्हा मी फोन बाजूला ठेवला दोन मिनिटं.

दुसरं म्हणजे वेडसर वागणारा प्रत्येक जण मनोरुग्ण पण नसतो. शुगर उतरली की शहाणा माणूस शिव्या देतो. रोज पिणाऱ्यानं दारू बंद केली की दुसऱ्या तिसऱ्या दिवशी भिंतीवर किडे दिसायला लागतात, हात थरथरतात, आकडी येते, त्याला लॉकअपमधे टाकला तर सकाळपर्यंत जिवंत राहील याचा भरवसा नाही. मेंदूज्वरात पण असंच वागतात. हे लाठीवाल्याला कळणार नाही, कळावं अशी अपेक्षा पण नाही. म्हणूनच आधी दवाखाना.

आणि यासाठी मानसोपचार तज्ज्ञच पाहिजे असं पण नाही. तातडीचा उपचार कुठलाही नोंदणीकृत डॉक्टर देऊ शकतो, बहात्तर तासांपर्यंत, कलम ९४. ग्रामीण रुग्णालयातला मेडिकल ऑफिसर सुद्धा देऊ शकतो, मोठ्या दवाखान्यापर्यंत पोचवणं पण त्यातच येतं. "आमच्याकडं सायकिअ‍ॅट्रिस्ट नाही" म्हणून दारातून परत पाठवता येत नाही.

जुना जालनेकर

मी पोलीस खात्यात हवालदार होतो. १९९० ला भरती, आता निवृत्त. कालपासून हा धागा वाचूलालो, लिहावं का नाही कळेना, शेवटी लिहितो.

मोंढा नाका जे लिहितात ते आम्हाला माहिती आहे, भीती वाटते, खरंच वाटते. पण भीतीपेक्षा जास्त काय असतं सांगू का, घाई. बंदोबस्तातून आलेलो असतो, सोळा तास झालेले असतात, आणि मनोरुग्णाचा कॉल म्हणजे दोन माणसं दोन दिवस गुंतली. आमच्या काळात १९८७ चा कायदा चालायचा, आधी कोर्टासमोर उभा करायचा, रिसेप्शन ऑर्डर, म्हणजे मनोरुग्णालयात भरती करायचा कोर्टाचा हुकूम, घ्यायची आणि मग येरवड्याला पोचवायचा. मराठवाड्यात मनोरुग्णालय नव्हतंच. राज्यात चारच, ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी, चारही आपल्यापासून लांब. जालन्याला आता मंजूर झालंय म्हणतात, ते उभं राहून चालू होईल तो दिवस खरा. तोपर्यंत कुठल्याच ठाणे अंमलदाराला हा माणूस आपल्या हद्दीत सापडू नये असंच वाटतं, हे मी खरं सांगायलो.

आता स्वतःचं. मी पण मारलंय. एकदा नाही. कुणी सांगितलंच नाही की मारायचं नसतं, उलट सिनिअर म्हणायचे दोन दिल्या की वेड उतरतं. एका पोराला येरवड्याला घेऊन चाललो होतो एसटीनं, दोरीचं एक टोक त्याच्या हाताला अन् एक माझ्या. आदल्या रात्री ठाण्यात त्याला मीच चोपलं होतं. नगरच्या स्टँडवर चहा घेतला, त्याचे हात बांधलेले म्हणून कप मीच त्याच्या तोंडाशी धरला. तर तो म्हणाला, "साहेब, बशीत ओता, पोळंल." मी बशीत ओतून, फुंकून पाजला. अन् तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला की ह्याला गरम-गार सगळं कळतंय. म्हणजे रात्रीची लाठी पण कळली असणार, सगळी कळली असणार. त्यानंतर मी मनोरुग्णावर हात उचलला नाही, पण त्या पोराचं काय झालं ते मला कधी समजलं नाही.

कोयत्याचं म्हणाल तर त्यावर पण सांगतो. कोयतेवाला घरात आहे आणि घरचे बाहेर आलेत, तर दाराला बाहेरून कडी घालून अंगणात खाट टाकून बसायचं. गर्दी हाकलायची, मोबाईलवाले आधी हाकलायचे. गाडीचा दिवा बंद करायचा. रात्रभर बसायची वेळ आली तर बसायचं. २००९ च्या आसपास एकदा आम्ही पहाटे पाचपर्यंत बसलो होतो, त्याच्या मावशीनं बोलून बोलून विळा खिडकीतून बाहेर टाकायला लावला. कुणाला खरचटलं सुद्धा नाही. आत कुणी अडकलं असलं तर गोष्ट वेगळी, मग घुसावंच लागतं. पण असं किती वेळा असतं? बहुतेक वेळा घरचे अंगणातच रडत उभे असतात, ताईंच्या आईसारखे.

दोन ऋतू

काकांच्या प्रतिसादानंतर लिहायला धीर आला. मला बायपोलर आहे, म्हणजे मन कधी टोकाचं वर, कधी टोकाचं खाली जातं तो आजार, निदान होऊन नऊ वर्षं. मेनियात, म्हणजे त्या वरच्या टोकाला, असताना मला पोलिसांनी एकदा पकडलेलं आहे, मराठवाड्यातल्याच एका रेल्वे स्टेशनवर, रात्री. मी चार दिवस झोपलो नव्हतो, प्लॅटफॉर्मवर भाषण करत होतो.

आतून कसं असतं ते सांगतो कारण ते कुणी लिहीत नाही. "खाली बस" हे मला ऐकू आलं होतं. पण वाक्य संपायच्या आत डोक्यात पुढची दहा वाक्यं आलेली असतात, ते 'खाली बस' मागं कुठंतरी गर्दीत राहून जातं. बाहेरून बघणाऱ्याला ती मुजोरी वाटते. आणि गोळ्यांवर असलेल्या माणसाचं उलटं असतं, अंग जड झालेलं, मान हळू वळते, उत्तर द्यायला वेळ लागतो, ते पण मुजोरीच वाटतं. म्हणजे औषध घेतलं तरी मार, नाही घेतलं तरी मार.

मला पहिल्यानं कानाखाली दिली. दुसरा होमगार्ड होता, वयस्कर, तो माझ्या शेजारी फरशीवर मांडी घालून बसला आणि म्हणाला, "मला पण सांगा की काय म्हणायलाव ते." मी सांगत बसलो. अर्धा-पाऊण तास. बोलता बोलता माझ्याच तोंडून भावाचा फोन नंबर निघाला. कानाखाली देणाऱ्यानं तोच नंबर आधी तीनदा विचारला होता, तेव्हा मी दिला नव्हता.

बोरीबाभळी ताई, खाकीची भीती जाते पण वेळ लागतो. मी दोन वर्षं स्टेशनवर गेलो नाही. भावाला जबरदस्तीनं एसटीत बसवू नका, काळीपिवळी किंवा ओळखीच्याची जीप बघा सध्या. आणि एक कागद आजच करून ठेवा, नामनिर्देशित प्रतिनिधीचा. साध्या कागदावर चालतो, त्यानं लिहायचं की माझ्या वतीनं माझी बहीण बोलेल, सही किंवा अंगठा. तो बरा असतानाच करा, आता तो बरा आहे ना.

उदगीरकर

मी सध्या अमेरिकेत असतो, मूळ उदगीरचा. इथं हा विषय फार जुना आणि फार रक्ताळलेला आहे, इथल्या पोलिसांकडं तर पिस्तूल असतं. वॉशिंग्टन पोस्ट या पेपरनं २०१५ पासून पोलिसांच्या गोळीनं मेलेल्यांची नोंद ठेवली, त्यात साधारण पाचातला एक जण मानसिक आजारी होता.

ताई, तुम्ही "मीच फोन केला" लिहिलंय ते वाचून मला एकच केस आठवली. न्यूयॉर्क राज्यात रॉचेस्टर गाव आहे, मार्च २०२० मधे तिथं डॅनियल प्रूड नावाच्या माणसाचं मानसिक संतुलन ढळलं, थंडीत उघडा रस्त्यावर पळाला. मदतीसाठी पोलिसांना फोन त्याच्या भावानंच केला होता. पोलिसांनी त्याच्या डोक्यावर थुंकी अडवायची पिशवी घातली आणि रस्त्यावर दाबून धरलं, वर सिस्टरनी लिहिलंय अगदी तसंच तो अचानक शांत झाला. आठवड्यानं गेला. एकाही पोलिसावर फौजदारी खटला उभा राहिला नाही. चूक फोन करणाऱ्या भावाची नव्हती, हे तुम्हाला सांगायचं होतं.

इथं जे थोडंफार बरं झालं ते पण लिहितो. टेनेसीत मेम्फिसला १९८७ मधे पोलिसांनी एका आजारी तरुणाला गोळ्या घातल्या, त्यावरून गाव उठलं, आणि १९८८ पासून पोलीस, डॉक्टर आणि पेशंटचे घरचे यांनी मिळून काही निवडक पोलिसांना चाळीस तासांचं प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली. असा फोन आला की त्यांनाच पाठवायचं. आणि महत्त्वाचं म्हणजे पोलीस पेशंट घेऊन आले की ताटकळत न ठेवता लगेच ताब्यात घेईल असा दवाखाना ठरवून दिला. जुना जालनेकर काकांनी 'दोन माणसं दोन दिवस' लिहिलंय ना, त्याचं उत्तर हे आहे. नुसतं प्रशिक्षण देऊन दवाखान्याचं दार बंदच राहिलं तर पोलीस परत लॉकअपकडंच जाणार.

ओरेगॉनमधे युजीन गावात १९८९ पासून पोलीस नसलेली गाडीच जायची, एक दवाखान्यातला माणूस आणि एक समुपदेशक, शस्त्र काही नाही. पैशाअभावी २०२५ मधे युजीनमधली ती सेवा बंद पडली. चांगलं काम पण असं मरतं.

मोंढा नाका

जालनेकर काका, तुमचं वाचून रात्री झोप नाही लागली नीट. बशीचं लिहिलंय ते. मी पाहुण्याची गोष्ट डोक्यात धरून लिहिलं होतं, ती खरीच आहे, पण कडी घालून खाट टाकून बसणं हे मला सुचलंच नव्हतं. मला वाटायचं मारणं किंवा मार खाणं दोनच वाटा असतात.

एक मात्र म्हणेन, त्या दोघा कर्मचाऱ्यांना कुणी शिकवलंय का हे सगळं? नाही शिकवलं तर नुसते त्या दोघांना सस्पेंड करून काय होणार, पुढचे दोघं तेच करतील.

काळा कोट

शिकवणं सरकारवर बंधनकारक आहे. कलम ३०, पोलीस अधिकाऱ्यांना ठरावीक काळानं या विषयाचं प्रशिक्षण द्यायचं असं लिहिलेलंच आहे. म्हणून मी ताईंना म्हणेन की अर्जात दोन्ही मागा. कारवाई पण मागा आणि या ठाण्यात हे प्रशिक्षण कधी झालं त्याची माहिती पण मागा. शिकवलं नव्हतं ही वरिष्ठांची चूक झाली, पण त्यानं पडलेल्या माणसाला मारणं माफ होत नाही.

ज्वारीची भाकर

पण तक्रार करून काही होतं का हो खरंच? गावात राहायचंय त्यांना. उद्या त्याच ठाण्यात काम पडतं.

काळा कोट

रास्त भीती आहे, मी ती खोटी ठरवणार नाही. परभणीत डिसेंबर २०२४ मधे न्यायालयीन कोठडीत एक तरुण गेला, ती गोष्ट वेगळी, मानसिक आजाराची नाही, पण त्यात आईनं सोडलं नाही म्हणून जुलै २०२५ मधे औरंगाबाद खंडपीठानं गुन्हा नोंदवायला सांगितलं आणि सुप्रीम कोर्टानं ते कायम ठेवलं. तोपर्यंत त्या माऊलीनं काय सोसलं असेल ते वेगळंच. मी एवढंच म्हणतो की त्याच ठाण्यात जायची गरज नाही. पोलीस अधीक्षकांना लेखी द्या, पोच घ्या. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, मानसिक आजाराच्या माणसाला वकील मोफत मिळतो, २०१७ च्या कायद्यातच आहे. ठाण्यातल्या कॅमेऱ्याचं फुटेज जपून ठेवायला आजच अर्ज द्या, लॉकअपसकट प्रत्येक ठाण्यात कॅमेरे पाहिजेत असा सुप्रीम कोर्टाचा डिसेंबर २०२० चा आदेश आहे. फुटेज पुसलं जातं, वळ पण मावळतात, कागद तेवढा राहतो. तो सापडला का?

नाईटड्युटी

ताई, बोलवायचं कुणाला हा तुमचा दुसरा प्रश्न तसाच राहिला म्हणून लिहिते. टेलिमानस म्हणून सरकारी हेल्पलाईन आहे, १४४१६, चोवीस तास, मराठीत बोलतात, २०२२ च्या ऑक्टोबरात सुरू झाली. त्यांच्याकडून गाडी येणार नाही, पण झोप उडाली, गोळ्या संपल्या अशा वेळी पहिला फोन तिथं करता येतो, खुंटा हातात यायच्या आधी. झोप जाणं ही घंटाच समजा, तिथून पुढचे तीन-चार दिवस आपल्या हातात असतात.

बोलवायचीच वेळ आली तर फोनवर पहिलं वाक्य "भांडण चाललंय" किंवा "मारतोय" असं नको, "माझा भाऊ पेशंट आहे, अमुक आजार, अमुक दवाखान्याचा कार्डधारक" असं. डिस्चार्ज कार्ड लॅमिनेट करून दाराच्या मागं खिळ्याला लावा. पोलीस आलेच तर घरातल्या एकानं गेटपाशीच गाठून सांगायचं, तो कशाला घाबरतो, कुणाचं ऐकतो. हे तुम्ही करायला लागावं हे बरोबर नाही, मला माहितीय. गाडी यायला पाहिजे होती, आणि तिच्यात माझ्यासारखं कुणीतरी असायला पाहिजे होतं.

अ‍ॅडमिन

चर्चा चांगली चालली आहे. ठाण्याचं, गावाचं, कर्मचाऱ्यांचं नाव कुणीही लिहू नये, धागाकर्तीला त्रास होईल. एक प्रतिसाद त्यासाठी काढला आहे.

जुना जालनेकर

बोरीबाभळी, बेटा, मी अजून दोन-चार अधिकाऱ्यांच्या ओळखीचा आहे. तुझी हरकत नसली तर अधीक्षक कार्यालयात अर्ज द्यायला मी सोबत येईन. साध्या कपड्यात येईन. निरोपातून नंबर पाठवलाय.

बोरीबाभळी

सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही. तीन दिवस लिहिलं नाही कारण कागद शोधत होते.

सापडला. आईनं तो पोळ्याच्या सामानाच्या पिशवीत ठेवला होता, बेगड आणि झुलीच्या खाली. ग्रामीण रुग्णालयाचा केस पेपर, सकाळी आठ वाजून चाळीस मिनिटं वेळ टाकलेली. डॉक्टर नवीन पोरगी होती, तिनं इंग्रजीत लिहिलंय, आमच्या उपकेंद्राच्या सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) मॅडमनी वाचून दाखवलं. दोन्ही मांड्यांवर आणि डाव्या पोटरीवर काठीसारख्या वस्तूचे वळ, दोन्ही मनगटांवर दोरीच्या खुणा, पाठीवर खरचटलेलं. आणि खाली, 'पोलिसांनी आणले'. तिला कुणी सांगितलं नव्हतं तसं लिहायला. मी त्या दिवशी तिच्याकडं बघितलं सुद्धा नव्हतं नीट. काल उपकेंद्रातून येताना मुद्दाम गेले तर तिची बदली झालेली.

त्या कागदाचे चार झेरॉक्स काढले. काळा कोट दादांनी सांगितलं तसा अधीक्षकांचा अर्ज, फुटेजचा अर्ज वेगळा, विधी सेवेचा वेगळा, तिन्ही टाईप करून घेतले. दोन ऋतू दादा, प्रतिनिधीचा कागद भावानं स्वतःच्या हातानं लिहिला, अक्षर वळणदार आहे त्याचं, दहावीपर्यंत पहिल्या पाचात असायचा. लिहून झाल्यावर त्यानं विचारलं, हे दाखवलं की मारणार नाहीत का. मी काही बोलले नाही.

ओपीडीला परवा जीपनं जाऊन आलो, गोळ्या दोन महिन्यांच्या मिळाल्या. ड्रायव्हर ओळखीचाच, तरी बसायच्या आधी भावानं वाकून त्याचे कपडे बघितले.

जालनेकर काका, सोमवारी अकरा वाजता. मी मेन गेटच्या बाहेर रसवंतीपाशी थांबते. भाऊ पण येतो म्हणतोय, त्याला आत यायचं नाही, बाहेर बसतो म्हणाला. तुम्ही थोडा वेळ त्याच्याजवळ बसाल का आधी?